रीड प्रोटेक्शन ऑन होतं, तरी हेक्स बाहेर गेलीच कशी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. शेतातल्या पंपाचा मोबाईल स्टार्टर, आत एसटी कंपनीचा एसटीएम३२एफ१०३सी८ मायक्रोकंट्रोलर, दोन वर्षं बरा खप. आता बाजारात दुसऱ्याच डब्यात तेच यंत्र अर्ध्या किमतीत आलंय आणि शेतकऱ्याला जाणाऱ्या एसेमेसमधे 'मोटर चालू झली' ही मूळ टायपिंगची चूकसुद्धा जशीच्या तशी आहे. रीड प्रोटेक्शन (आतला कोड बाहेरून वाचू न देणारं लॉक) लावलेलं होतं, एसटी-लिंकने (चिपला पीसीशी जोडणाऱ्या डिबगरने) वाचायला गेलं की एरर येते, प्रोटेक्शन काढायला गेलं तर सगळी फ्लॅश, म्हणजे कोड ठेवायची मेमरी, पुसली जाते. मग कोड गेला कसा, आणि आता कुठली चिप घ्यावी?

आधी त्या 'झली'ला नमस्कार करा, ती तुमचा सगळ्यात मोठा साक्षीदार आहे. कोणी तुमचं यंत्र बघून स्वतः प्रोग्राम लिहिला असता तर तो काना तिथे नक्की आला असता, त्यामुळे हे नुसतं नक्कल केलेलं प्रॉडक्ट नाही, तुमची हेक्सच, म्हणजे चिपमधे भरायची तयार प्रोग्राम फाईलच, उचललीये. हा फरक महत्त्वाचा आहे कारण कल्पना बघून दुसऱ्याने स्वतःचा माल काढला तर जगातलं कुठलंही लॉक त्याला थांबवू शकत नाही, तिथे चिप बदलून काही फायदा नसतो.

पण चिपवर खापर फोडायच्या आधी एक काम करा. हेक्स बाहेर जायच्या वाटा तीन: चिपमधून, माणसांमधून आणि अपडेटमधून. माझ्या अनुभवात नव्या माणसाला वाटतं पहिली वाट, आणि निघते बहुतेक वेळा दुसरी नाहीतर तिसरी. कुठली ते ओळखायला तो नकली बोर्ड विकत आणा, पक्कं बिल घ्या, आणि त्याला एसटी-लिंक लावून बघा. चोरून माल काढणारे बऱ्याचदा स्वतः लॉक लावतच नाहीत, त्यांना कशाला हवंय, त्यांच्याकडून कोण चोरणार. फ्लॅश वाचता आली तर अख्खी ६४ केबी उतरवून घ्या आणि तुमच्या प्रत्येक रिलीजशी ताडून बघा. कुठल्या व्हर्जनशी जुळतंय ते कळलं की ती फाईल कोणाकोणाकडे गेली होती ही यादी आपोआप छोटी होते.

आता खरी गंमत शेवटच्या पानात आहे. एफ१०३सी८ची फ्लॅश १ केबीच्या ६४ पानांची असते आणि बहुतेक जण सेटिंग शेवटच्या पानात ठेवतात: सीटीचं (मोटरचा करंट मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचं) कॅलिब्रेशन, सिरियल नंबर, शेतकऱ्याचे मोबाईल नंबर. तुमच्या विकलेल्या एखाद्या बोर्डातून चिप वाचली असेल तर वाचणाऱ्याने बिनडोकपणे पूर्ण ६४ केबी उचललेली असते, म्हणजे त्या एका बोर्डाचं कॅलिब्रेशन आणि सिरियल नंबर त्यांच्या सगळ्या बोर्डांत उतरलेलं सापडेल. दोन-तीन नकली बोर्ड आणून ताडा. सगळ्यांत तुमच्याच एका सिरियल नंबरचे अवशेष दिसले तर चिप फुटली, आणि तो नंबर तुम्ही कोणाला विकला तेही तुमच्या रजिस्टरमधे आहे. उलट तिथे कोरं किंवा तुमचं फॅक्टरीचं डिफॉल्ट असेल तर चिप कोणी फोडलेली नाही, फाईलच हातात पडलीये.

आमच्या बाबतीत हेच झालं होतं. एका कंट्रोलरची कॉपी निघाली, मी पंधरा दिवस चिपच्या सुरक्षेवरचे पेपर वाचत बसलो, नवीन चिपची कोटेशनं मागवली, आणि मग एकदाचा तो नकली बोर्ड जोडला तर शेवटचं पान कोरं आणि कोड जो होता तो आम्ही फक्त प्रॉडक्शन टेस्टसाठी बनवलेला बिल्ड, जो एकाही गिऱ्हाईकाकडे कधी गेलाच नव्हता. तो फक्त जॉबवर्कवाल्याच्या (बाहेरून बोर्ड भरून देणाऱ्याच्या) प्रोग्रामिंगच्या पीसीवर होता, डेस्कटॉपवर, 'फायनल न्यू' नावाच्या फोल्डरमधे, आणि त्या पीसीवर दिवसभरात कोणीही पेन ड्राईव्ह लावायचं. चोर कोण ते आजपर्यंत सिद्ध झालं नाही पण चिप बदलायचा खर्च मात्र वाचला.

तिसरी वाट म्हणजे अपडेट. तुमचा स्टार्टर जीएसएमवरून फर्मवेअर ओढत असेल आणि ती बिन फाईल सर्व्हरवर साध्या एचटीटीपीने उघडी पडलेली असेल, तर फ्लॅशला लॉक लावून काय उपयोग, पुढच्या दाराला सात कुलपं आणि मागचं दार सताड उघडं. मॉडेम आणि मायक्रोकंट्रोलरच्या मधल्या यूएआरटीच्या (सिरियल पोर्टच्या) दोन वायरींना शंभर-दोनशे रुपयांचा यूएसबी सिरियल लावला की मॉडेमला दिलेल्या एटी कमांडबरोबर सर्व्हरचा पत्ता दिसतो, पुढचं ब्राउझरमधे होतं. फर्मवेअर एन्क्रिप्ट करून पाठवायचं, बूटलोडरने (चिप चालू होताना आधी चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामने) आत उलगडायचं आणि सही तपासायची, एवढं तरी हवंच.

आता समजा शेवटच्या पानात तुमचाच सिरियल नंबर सापडला. तर मग ऐका, एफ१, म्हणजे तुमच्या एफ१०३ची सिरीज, हा या बाबतीत सगळ्यात कच्च्या गड्यांपैकी आहे. लोकांचा समज असतो की रीड प्रोटेक्शन म्हणजे आतल्या डेटावर काहीतरी एन्क्रिप्शन होतं. तसलं काही नाही. कोड फ्लॅशमधे उघडाच असतो, फक्त एक सर्किट बघत असतं की डिबगर जोडलाय का, आणि जोडला असेल तर फ्लॅशमधला डेटा वाचू देत नाही. ऑप्शन बाइट्समधे (चिपच्या सेटिंगच्या खास बाइटांमधे) काय लिहिलंय त्यावर ते सर्किट ठरवतं. म्हणजे सगळा भरवसा काही बिटांवर आणि एका पहारेकऱ्यावर.

एफ१चा पहारेकरी चुकला कुठे, तर २०२० साली मार्क शिंक आणि योहानेस ओबरमायर यांनी दाखवलं की तो डेटा वाचण्यावर लक्ष ठेवतो पण इंटरप्ट आल्यावर कोअर स्वतः जो व्हेक्टर (आता कुठल्या पत्त्यावर जायचं तो आकडा) फ्लॅशमधून उचलतो त्याच्यावर नाही. एफ१मधल्या कॉर्टेक्स-एम३ कोअरला एक्सेप्शन (इंटरप्टसारखा अडथळा) आलं की तो व्हेक्टर टेबलमधला आकडा उचलून सरळ प्रोग्राम काउंटरमधे टाकतो, आणि प्रोग्राम काउंटर डिबगरला दिसतो. टेबल कुठे आहे हे सांगणारं रजिस्टर डिबगरला बदलता येतं. बस, टेबल फ्लॅशमधे सरकवत जायचं, एक्सेप्शन उठवायचं, काउंटर वाचायचा, दर वेळी चार बाइट हातात. काही पत्ते टेबलच्या अलाइनमेंटमुळे हाताला लागत नाहीत, पण फ्लॅशचा फार मोठा भाग निघतो. यात ना ॲसिड, ना मायक्रोस्कोप, ना बोर्डावर एक टाका. आणि ही चूक सिलिकॉनमधली आहे, तुम्ही कोड कितीही छान लिहा, फील्डमधे गेलेल्या एफ१ला यावर इलाज नाही. वरून एसटीच्या इतर सिरीजमधे लेव्हल ० म्हणजे उघडं, १ म्हणजे वाचन बंद आणि २ म्हणजे डिबग पोर्टही कायमचं बंद असतं, एफ१ला ती लेव्हल २ हा प्रकारच नाही, प्रोटेक्शन एक तर आहे नाहीतर नाही, डिबग पोर्ट कायमचं बंद करायची सोयच दिलेली नाही.

ओबरमायर आणि टाचनर यांनी त्याआधी २०१७ साली एसटीच्याच एफ० सिरीजची पण अशीच कुंडली मांडली होती. तिथे लेव्हल १मधे डिबगर जोडल्यावर पहारा उभा राहायला किंचित वेळ लागतो आणि तेवढ्यात पहिलं वाचन निसटून जातं. मग पॉवर काढायची, परत लावायची, पुढचे चार बाइट. ३२ केबीसाठी ८१९२ वेळा, एका फेरीला अर्धा सेकंद धरला तरी तासा-सव्वातासाचं काम आणि तेही तुम्ही जेवायला गेलात तरी चालू राहतं.

त्याच कामात अतिनील दिव्याचा प्रकार आहे तो मला फार आवडतो, कारण आमच्या वेळी खिडकीवाल्या ईप्रॉम पुसायला प्रत्येक लॅबमधे असा डबा असायचा. लेव्हल २चा बाइट हेक्साडेसिमलमधे असतो सीसी, लेव्हल ०चा एए, आणि बाकी काहीही असलं की लेव्हल १. चिप वरून उघडून अतिनील प्रकाश टाकला की शून्याचे बिट एक होत जातात. एकही बिट पालटला की सीसी राहत नाही, म्हणजे लेव्हल २ची लेव्हल १ झाली आणि बंद केलेलं डिबग पोर्ट परत जिवंत. पण सीसीचा एए करायचा तर काही एकाचे शून्यही करावे लागतात, जे दिव्याने होत नाही, त्यामुळे थेट लेव्हल ०ला जाता येत नाही. म्हणजे निदान विचार करून आकडे निवडलेत. याच्या अगदी उलट एनएक्सपी कंपनीच्या जुन्या एलपीसी मायक्रोकंट्रोलरमधे. तिथे फ्लॅशमधल्या एका ठरलेल्या पत्त्यावर १२३४५६७८, ८७६५४३२१ किंवा ४३२१८७६५ यातला एक हेक्साडेसिमल आकडा असला तरच लॉक, दुसरं काहीही वाचलं गेलं की दार उघडं. चारशे कोटींच्या वर शक्यता आणि त्यातल्या फक्त तीन बंद! बूट होताना तो आकडा वाचण्याच्या क्षणी व्होल्टेजला एक गचका दिला आणि एक बिट चुकीचा वाचला गेला की झालं, २०१७ साली ख्रिस गर्लिन्स्कीने तेच करून दाखवलं. चिप निवडताना मी डेटाशीटमधे हे पहिलं बघतो: गडबड झाली तर दार बंद पडतं की उघडं राहतं.

आता हा गचका, ज्याला सगळे ग्लिच म्हणतात. मेजावर बघितलं तर फारच साधं दिसतं. कोअरच्या सप्लाय पिनजवळचे कपॅसिटर काढून टाकायचे, तिथे एक मॉस्फेट लावायचा आणि रिसेटपासून मोजून ठरावीक वेळाने तो काही नॅनोसेकंदांसाठी ग्राउंडला चिकटवायचा. स्कोपवर १.२ व्होल्टच्या सरळ रेषेत एक बारीक खड्डा दिसतो, एवढंच. खड्डा कमी पडला तर चिपला कळतही नाही, जास्त झाला तर रिसेट होते, आणि मधे कुठेतरी अशी एक चिंचोळी जागा असते जिथे प्रोसेसर चालू राहतो पण एक तुलना चुकतो. ती जागा शोधायला हजारो प्रयत्न लागतात, पण ते माणूस नाही करत, स्क्रिप्ट करते. पूर्वी यासाठी महागडी उपकरणं लागायची, मग चिपव्हिस्परर हे याच कामाचं स्वस्त उपकरण आलं, आणि आता तर काही चिपांसाठी रास्पबेरी पाय पिको या छोट्या बोर्डावर काम भागतं.

अशा गचक्याला बळी पडलेल्यांची नावं साधीसुधी नाहीत. ट्रेझर वन या क्रिप्टो वॉलेटमधे एसटीएम३२एफ२ होता, लेव्हल २ लावून, आणि २०१८च्या डिसेंबरमधे जर्मनीतल्या परिषदेत नेडोस्पासोव, थॉमस रॉथ आणि डॅट्को यांनी गचका देऊन तो लेव्हल १वर आणला आणि रॅममधून सीड (वॉलेटची मूळ किल्ली) काढून दाखवला. २०२२ साली जो ग्रँडने पिन विसरलेल्या माणसाचं असंच वॉलेट उघडलं, आत सुमारे २० लाख डॉलरचं चलन होतं. नॉर्डिक कंपनीच्या एनआरएफ५२ या ब्लूटूथ चिपचा डिबग लॉक २०२० साली असाच गेला, मग पुढच्या वर्षी रॉथने ॲपलच्या एअरटॅगमधून फर्मवेअर काढलं कारण आत तीच एनआरएफ५२ होती. ईएसपी३२ या वायफाय चिपच्या ईफ्यूजमधली (एकदाच लिहिता येणाऱ्या बिटांमधली) फ्लॅश एन्क्रिप्शनची किल्ली २०१९लाच निघाली होती. आणि रास्पबेरी पायने तर त्यांचा आरपी२३५० मायक्रोकंट्रोलर आल्यावर स्वतःच २०२४च्या ऑगस्टमधे चिपमधे गुपित ठेवून १०,००० डॉलरचं बक्षीस लावलं, पुढे ते २०,००० केलं. कोणी ओटीपीचा (एकदाच लिहिता येणाऱ्या मेमरीचा) सप्लाय क्षणभर पाडून, कोणी लेसर मारून, कोणी चिप उघडून आयन बीमखाली घालून, एकापेक्षा जास्त जणांनी ते काढलं. मला ही कंपनीची नामुष्की नाही वाटत, उलट मोकळेपणा वाटतो, पुढच्या सिलिकॉनमधे त्यांनी दुरुस्त्या पण केल्या. ज्यांच्या चिपबद्दल काहीच छापून येत नाही त्यांची मला जास्त भीती वाटते.

यावरून ओघाने आलं म्हणून सांगतो, २०२१च्या चिपटंचाईत ज्यांनी एफ१०३च्या जागी मिळेल ती पिन-टू-पिन चिप बसवली त्यांनी हे तपासलंय का? बाहेरून पिन सारख्या, कोड चालतो, पण आतलं लॉक दुसऱ्याने बनवलेलं असतं. जीडी३२एफ१०३ या तशाच एका पर्यायी चिपमधे तर फ्लॅशची डाय (सिलिकॉनचा तुकडा) वेगळी आणि लॉजिकची वेगळी, दोन तुकडे एकाच पॅकेजमधे. एसटीची सुरक्षा जशी असेल तशी, ती त्या चिपला लागू होते असं धरून चालू नका.

मग कुठली चिप घ्यावी? खरं सांगू का, पैसे आणि वेळ असेल तर साधा मायक्रोकंट्रोलर कुठलाही उघडतो, चीनमधे जाहिरात करून चिप अनलॉक करून देणाऱ्या लॅब आहेत, त्यांना नमुने पाठवायचे आणि हेक्स घ्यायची. हिशोब करायचा तो एवढाच की तुमची हेक्स मिळवायचा खर्च आणि कटकट समोरच्याला नफ्यापेक्षा जास्त पडते का. एफ१वर ती कटकट जवळजवळ शून्य आहे. एसटीचीच लेव्हल २वाली जी०, एल४ किंवा तत्सम सिरीज घेतलीत तर निदान त्याला गचक्याचा बाजार मांडावा लागेल नाहीतर बाहेर पाठवावं लागेल. पण लेव्हल २ची किंमत सर्व्हिसला मोजावी लागते हे आधी समजून घ्या: एकदा लावलं की परत नाही, जळून आलेल्या बोर्डाला डिबगर लावून आत काय झालं ते बघता येत नाही, एसटीलाही नाही. म्हणून फॉल्टचा लॉग सिरियलवर बाहेर टाकायची सोय आधीच कोडमधे ठेवा. नव्या यू५ सिरीजमधे पासवर्ड देऊन लेव्हल २वरून खाली यायची सोय आहे, त्यामुळे हा पेच सुटतो, पण पंप स्टार्टरच्या किमतीत ती चिप बसते का ते तुमचं तुम्ही बघा. मी तरी बसवणार नाही.

चिपच्या ९६ बिटी युनिक आयडीशी कोड बांधायचा सल्ला तुम्हाला शंभर जण देतील. करा, पण भ्रमात राहू नका. आयडी गुपित नसतो, आणि तो कुठल्या पत्त्यावरून वाचतात हे सगळ्यांना पाठ आहे, डिसअसेंब्लीत (हेक्स उलगडून काढलेल्या इन्स्ट्रक्शनच्या यादीत) तो पत्ता शोधला की तुमची तपासणी सापडते आणि 'जुळलं तर इकडे, नाहीतर तिकडे' ठरवणारी एक ब्रांच इन्स्ट्रक्शन बदलली की संपली. त्यापेक्षा तपासणी बूटला न करता उशिरा करा. नक्कल करणारा दोन दिवस चालवून बघतो, सगळं ठीक म्हणून पाचशे बोर्ड बनवतो, आणि तीन आठवड्यांनी ते टायमर विसरायला लागतात. तपासण्या तीन-चार ठिकाणी विखुरलेल्या असल्या की त्याला सगळ्या शोधायला कोड खरंच वाचावा लागतो, आणि तेवढी अक्कल आणि वेळ असता तर त्याने स्वतःचाच लिहिला नसता का. फक्त एक हात जोडून विनंती, ड्राय रन (पाण्याशिवाय पंप चालणं) आणि सिंगल फेजिंगच्या (एक फेज जाण्याच्या) प्रोटेक्शनला हात लावू नका. नकली डबा घेणारा शेतकरी चोर नाही, त्याची मोटर जाळायचा तुम्हाला काही अधिकार नाही. एसेमेस बंद पाडा, टायमर बंद पाडा, पंप सुरक्षित राहिला पाहिजे.

तुमच्याकडे सर्व्हर आहे ही मात्र खरी ताकद आहे आणि तुम्ही ती वापरत नाहीये. सगळ्या बोर्डांत एकच किल्ली घालायचं आजच बंद करा, कारण तसं असलं की एक बोर्ड फुटला की सगळे फुटले. प्रत्येक बोर्डाला फॅक्टरीत वेगळी किल्ली द्या आणि सर्व्हरने ती मानली तरच ॲप चालेल असं करा. मग कोणी एका बोर्डाची फ्लॅश छापून पाचशे केले तर ते पाचशेही एकाच ओळखीने सर्व्हरवर येतील, एकच स्टार्टर सकाळी बारामतीत आणि त्याच मिनिटाला नांदेडमधे दिसला की ती ओळख रद्द. किल्ली ठेवायला एटीईसीसी६०८सारखी वेगळी छोटी चिप घेतलीत तर चांगलंच, पण तिला 'तू खरी का' विचारून हो-नाही घेऊ नका, ते उत्तर पॅच होतं. तिने केलेली सही सर्व्हरपर्यंत गेली पाहिजे. आणि हो, तिच्या आधीच्या ५०८एमधलं गुपित लेजर नावाच्या क्रिप्टो वॉलेट कंपनीच्या लॅबने लेसर किरणाने काढलेलं आहे, पण पंप स्टार्टरसाठी लेसरचं स्टेशन कोण मांडतंय.

कायद्याचं म्हणाल तर १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो, नोंदणी सक्तीची नाही पण भांडायची वेळ आली की कामाला येते. नकली बोर्डातून काढलेली फाईल, बिल, तुमच्या सोर्सच्या तारखा आणि ती 'झली' घेऊन वकिलाकडे जा. आणि पुढच्या व्हर्जनमधे ती चूक दुरुस्त केलीत तर दुसरी एखादी मुद्दाम पेरा, प्रत्येक जॉबवर्कवाल्याच्या बिल्डमधे वेगळ्या जागी. आम्ही तेव्हापासून तेच करतो.

आता प्रॉडक्शनचं. जॉबवर्कवाल्याला पूर्ण हेक्स देऊ नका. त्याला फक्त बूटलोडर आणि टेस्ट प्रोग्राम द्या, ॲप्लिकेशन एन्क्रिप्ट केलेलं तुमच्याच ऑफिसात किंवा पहिल्यांदा नेटवर्कला लागल्यावर जाऊ दे. आणि लॉक लागलंय हे स्क्रिप्टच्या 'डन'वरून ठरवू नका. एकदा आमच्या स्क्रिप्टमधे ऑप्शन बाइट लिहायची पायरी चुकत होती आणि ती चूक गिळून स्क्रिप्ट पुढे 'डन' छापत होती, अख्खी बॅच उघडी गेली आणि आम्हाला चार महिन्यांनी कळलं, तेही एका रिटर्न आलेल्या बोर्डाला सहज एसटी-लिंक लावला म्हणून. दुसरं असं की ऑप्शन बाइट नुसता लिहून भागत नाही, रिसेट होऊन तो परत लोड झाल्यावरच अमलात येतो. त्यामुळे आता जिगवर (बोर्ड तपासायच्या साच्यावर) शेवटी बोर्डाची पॉवर काढून परत लावतो आणि फ्लॅश वाचायचा प्रयत्न करतो, आणि हिरवा दिवा लागतो तो एसटी-लिंकला एरर आली तरच.